करपवलेली काकवी

कर्नाळ (सांगली), ७ डिसेंबर

चि. संयोगितास मामाचा आशीर्वाद.

पत्र बघून कपाळाला आठी घालू नकोस. फोन केला असता, पण फोनवर तू "बरं मामा" म्हणतेस आणि ठेवून देतेस. पत्र फाडायचं म्हटलं तरी माणूस दोन ओळी वाचूनच फाडतो. त्या दोन ओळींत सांगायचं ते सांगून टाकतो. तुझे वडील आमच्याकडं आहेत. घशाचा कॅन्सर निघाला आहे, मिरजेला शेक चालू आहेत.

आता फाडलंस तरी चालेल.

नसेल फाडलं तर पुढचं ऐक. वडूजहून रोज मिरजेला जायचं म्हणजे अर्धा जीव एसटीतच जायचा, म्हणून मी त्यांना इकडं आणलं. ओसरीच्या खोलीत असतात. तुझी आई असती तर तिनं केलं असतं. ती नाही म्हणून तिचा भाऊ करतो, यात मोठेपणा काही नाही.

शेक म्हणजे यंत्राखाली निजवतात आणि किरण सोडतात. दुखत नाही असं सांगितलं होतं. सुरुवातीला नाही दुखलं. आता तोंडाची आतली कातडी सोलून निघाली आहे, थुंकी आटली आहे आणि चव गेली आहे. पार गेली. मामीनं तांदळाची पेज दिली तर म्हणाले, "मंगल, चुना कालवलास काय ग यात?" शिरा दिला तर माती म्हणाले. माझ्या हातचा गूळ, ज्याच्या ढेपेसाठी हे लग्नात वरपक्षाकडून रुसून बसले होते, तो जिभेवर ठेवला आणि थुंकून टाकला. मला वाईट वाटलं नाही. खोटं कशाला बोलू, वाटलं.

डॉक्टरीण बाई म्हणतात वजन असंच उतरत राहिलं तर शेक थांबवावे लागतील. नाकातून नळी घालू म्हणाल्या. तर आपले सुभेदार म्हणतात, "बैलाला नळकांड्यानं औषध पाजत्यात तसं मला पाजू नगा. तोंडानं जाईल तेवढं जाईल. न्हाई तर न्हाई."

तेव्हा विचारायचं ते एवढंच. जीभ मेलेल्या माणसाला काय प्यायला द्यावं? मी जन्मभर गुळाच्या काहिलीजवळ उभा राहिलो, गोडातलं मला कळतं. पण गोड चालेना, तिथं माझी अक्कल संपली. तुझं काम चवींचंच आहे. दुसऱ्या कुणाला विचारावं ते सुचेना.

मी लिहितो आहे हे त्यांना ठाऊक नाही. तुझा पत्ता तुमच्या त्या काडेपेटीवरचा जपून ठेवला होता. पाकिटावर "बार" लिहिलेलं बघून पोस्टातल्या बाईनं चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, भाची आहे.

तुझा मामा,
बाळासो


कर्नाळ, २२ डिसेंबर

चि. संयू,

उत्तर नाही. रागावायचा तुला हक्क आहे. वडूजच्या त्या दिवाळीला मीही होतो. बंगळूरला तुला पहिलं बक्षीस मिळालं, पेपरात फोटो आला, आणि त्यांच्या फौजेतल्या हरिबानं तो माजी सैनिकांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "सुभेदारांची कन्या दारू पाजण्यात पहिली." त्याची गंमत झाली आणि तुझी जमत आलेली सोयरीक मोडली. लक्ष्मीपूजनाच्या पाटावर बसलेला माणूस उठून "मला पोरगी न्हाई" म्हणाला, ते मी या कानांनी ऐकलं. आणि तू चपला घालता घालता म्हणालीस तेही ऐकलं, "कँटीनच्या कोट्याच्या बाटल्या कपाटात लावताना लाज वाटत नाही अण्णा, आणि माझी वाटते." खरं होतं ते.

मग त्यांनीच मला तुझ्याकडं धाडलं. "मामाचं ऐकंल ती. घिऊन ये."

तो दिवस मी कुणापुढं कधी बोललो नाही, तुझ्यापुढंही नाही. आज बोलतो. मला वाटलं होतं अंधार असेल, शिव्यागाळी असेल, आपल्या परमिट रूमला येतो तसा ओल्या फडक्याचा वास असेल. टोपी सावरत त्या उंच स्टुलावर चढलो तर समोरच्या फळीवर चिंच, वेलदोडे, कोकम, सुकी मिरची, संत्र्याच्या साली. म्हटलं, चुकून वाण्याच्या दुकानात आलो की काय. तू विचारलंस, "मामा, काय देऊ?" मी म्हटलं, "घरी चल." तू म्हणालीस, "ते इथं मिळत नाही. दुसरं काय?"

मग मला बघत बसायला लावलंस. दारू घातलेल्या लालभडक रसात लिंबू पिळलंस आणि तो दुधावर ओतलास. दूध फाटलं. मी मनात म्हटलं, नासवलं पोरीनं. तू ते फडक्यावर टाकून बाजूला ठेवलंस, हात लावला नाहीस, पिळलं नाहीस, आणि आदल्या दिवशी तसंच गाळून ठेवलेलं पुढ्यात आणलंस. नितळ! विहिरीच्या पाण्यासारखं. मी स्टुलावरून पडायचा राहिलो. अगं, ही तर मळी काढणं! मी उसाच्या रसात रानभेंडी चेचून टाकतो, तिच्या बुळबुळीत पाण्याला सगळी घाण चिकटून वर येते आणि मी ती झाऱ्यानं काढून टाकतो. माझी भेंडी ते तुझं दूध. हे कुणी कुणाला शिकवलं?

शेवटी लिंबाची साल ग्लासावर मुरडलीस आणि फेकून दिलीस. टाकायची होती तर घेतली कशाला, असं मी विचारलं. म्हणालीस, "मामा, वासानं आधी दार उघडायचं. चव मागनं येते." ज्यानं आयुष्यात थेंब घेतला नाही त्या माणसानं त्या दिवशी ग्लासभर घेतलं. आधी आंबट आलं, ते मावळतंय तोवर गोड, आणि गिळल्यावर मागून चिंचेचा बारीक तुरटपणा. चांगल्या आमटीचं असंच असतं. चिंच आणि गूळ सारखेच जोर करायला लागले की आमटी वाया जाते. एकानं पुढं यायचं, दुसऱ्यानं मागं उभं राहून त्याला धरायचं. शेजारचा माणूस तेवढ्याच एका ग्लासाला तासभर बसला होता. आपल्याकडं बाटली तोंडाला लावतात आणि पाठीमागच्या भिंतीला तोंड पुसतात.

परत येऊन मी दाजींना सांगितलं, "पोरगी आणली न्हाई. काहिलीवर उभ्या माणसाला मधनंच हाक मारत न्हाईत, दाजी." त्यानंतर ते माझ्या उंबऱ्याला आले नाहीत. आले ते दुखणं घेऊनच.

हे सगळं उकरलं त्याला कारण आहे. काल मामी फोडणी देत होती आणि मी तिला बोलण्यात गुंतवलं. तर ओसरीतून आवाज आला, घोगरा, पण आला: "मंगल, मोहरी करपली." जीभ मेली आहे पण नाक जिवंत आहे, संयू. तुझं ते दार अजून उघडं आहे.

मामा


कर्नाळ, ६ जानेवारी

चि. संयू,

तुझं पत्र आलं. त्यात नमस्कार नाही, खुशाली नाही, नुसते प्रश्न. मी जरा हिरमुसलो. मामी म्हणाली, "आवं, जे माणूस विचारतंय ते आजून गेलेलं नसतंय. गुमान उत्तरं लिवा." तर लिहितो.

आंबट चालत नाही. लिंबाचं पाणी दिलं तर भिंतीवर हात आपटला. तिखट नाही. फार गरम नाही, बर्फगार नाही, कोमट चालतं. पातळ पाणी घशाखाली नीट जात नाही, ठसका लागतो. जरा दाट असलं तर जातं. चमच्यानं घेतात, स्वतःच्या हातानं. दुसऱ्यानं भरवलेलं घेत नाहीत. डॉक्टरीण बाईंना विचारलं. दारू नको, आंबट नको, तिखट नको, बाकी पोटात काहीही जाऊ दे म्हणाल्या.

तू विचारलंस कोणत्या वासानं त्यांचा चेहरा बदलतो. हे मी चार दिवस पाळत ठेवून बघितलं. अगरबत्तीनं नाही, भाकरीनं नाही. परवा हरिबा भेटायला आला. पिशवीत कँटीनची रम होती, दुसऱ्या कुणासाठी नेत होता. दाजींनी हात पुढं केला. मला अडवता आलं नाही. टोपण उघडून त्यांनी नुसती हुंगली आणि बाटली छातीशी धरून डोळे मिटून बसले. माणूस देवळात बसतो तसे. मग झटकन टोपणभर तोंडात टाकली. ती किंकाळी गल्लीच्या तोंडापर्यंत गेली. हरिबा घाबरून बाटली तिथंच टाकून पळाला.

मामी रडली. म्हणाली, "ज्यानं घसा खाल्ला त्याचाच वास त्यास्नी पायजे." घसा तंबाखूनं खाल्ला आणि थोडा त्या बाटलीनं. पण तुला खरं उत्तर पाहिजे होतं. ते हे. रमचा वास.

एक प्रश्न तू विचारलेला नाहीस. त्याचंही उत्तर देतो, म्हणजे वाट बघत राहणार नाहीस. नाही. तुझं नाव काढत नाहीत.

मामा


कर्नाळ, १७ जानेवारी

चि. संयू,

तुझी कृती वाचली. मग मामीला वाचून दाखवली. मग पुन्हा वाचली, कारण माझा विश्वास बसेना.

रम साखर कारखान्याच्या मळीची करतात हे मला ठाऊक होतं. पण तिच्या वासातली अर्धी गंमत जळक्या साखरेची असते, हे तू सांगितलंस तेव्हा कळलं. तव्यावर फुगवून तपकिरी केलेले बेदाणे, तेही कोमट पाण्यात भिजवून गाळायचे, मान्य. एकच लवंग, मान्य. आरारुटानं किंचित दाट करायचं, मान्य. पण "मामा, काकवी करपवायची. काळी व्हायला लागली की थांबू नका. धूर दिसला की थांबा." पोरी, हे तू कुणाला सांगतेस?

माझ्या बापानं मला काहिलीजवळ उभं केलं तेव्हा पहिला धडा हा दिला, की लागलेली काहील म्हणजे मेलेलं जनावर. कुणी विकत घेत नाही आणि वास गावभर जातो. पाकाचा बुडबुडा बारीक झाला की माझा हात आपोआप जाळ ओढायला सांगतो, डोळे मिटले असले तरी. माझ्या हातून आजवर काहील लागली नाही. गुळव्याजवळ सांगायला दुसरं असतं काय?

गुऱ्हाळावर काम उरकल्यावर मी एका पातेल्यात काकवी घेतली आणि चुलवाणाच्या कडेला ठेवली. पोरं गोळा झाली. काळपट व्हायला लागली आणि मी पातेलं उतरवलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा उतरवलं. अर्जुना जाळ घालतो, तो म्हणाला, "तात्या, डोळं गेलं काय तुमचं? ठिवा की!" मी म्हटलं, "ठेवतोय की रं." पण हात ऐकेना.

तसंच ते घरी आणून तुझ्या पद्धतीनं केलं. दाजींनी हुंगलं, एक चमचा घेतला आणि वाटी खाली ठेवली.

"पोरास्नी द्या. खोकल्याचं औषध हाय ह्ये."

चूक तुझी नाही. तू सांगितलं तिथंवर मी गेलोच नाही. शेवटचे शेक चालू आहेत, आणि सदरा आता खुंटीवर लटकवल्यासारखा दिसतो त्यांच्या अंगावर. पुन्हा करून बघतो.

मामा


कर्नाळ, २७ जानेवारी

चि. संयू,

झालं. सांगतो, नीट क्रमानं सांगतो, नाहीतर माझाच गोंधळ होईल.

या वेळी गुऱ्हाळावर गेलो नाही. चारचौघांत मला जमणार नव्हतं. परड्यातल्या चुलीवर कढई ठेवली आणि मामीला म्हटलं, "मी उतरवायला लागलो की माझा हात धर." ती म्हणाली, "लगीन झाल्यापास्नं माझी एक भाकरी करपली की घर डोक्यावर घेतलासा, आन आता म्हणं करपवायला हात धर!" पण धरला. काकवी तांबूस झाली, तपकिरी झाली, काळी व्हायला लागली. माझा हात उठला. तिनं दोन्ही हातांनी दाबून धरला. मी तोंड फिरवलं. आणि धूर दिसायच्या एक क्षण आधी तो वास आला.

अगं, तोच. वडूजला तुझी आई जेवणाची ताटं करायची आणि दाजी अंगणातल्या बाजेवर पेला घेऊन बसायचे, तेव्हा यायचा तो. मामीनंही ओळखला. पदर नाकाला लावून आत गेली. मी गरम पाणी मारलं, कढई चरचरली, आणि जन्मात पहिल्यांदा मी करपलेला माल गाळून बाटलीत भरला.

काल सव्वीस जानेवारी. दाजी टीव्हीवर संचलन बघत भिंतीला टेकून बसले होते. मी वाटी हातात दिली. तू लिहिल्याप्रमाणं आधी नुसती नाकाजवळ धरा म्हटलं. त्यांनी धरली. खूप वेळ धरली. टीव्हीवर घोडदळ गेलं, रणगाडे गेले, ह्यांचं लक्षच नाही. मग एक चमचा. गिळला. दुसरा. मी मोजले नाहीत, नजर लागेल म्हणून. वाटी रिकामी झाली.

"कुणी केलं ह्ये?"

"म्या."

"थापा मारू नगंस, बाळासो. तुज्या हातनं काहील करपत न्हाई. ह्ये कुणीतरी तुज्याकडनं करपवून घेतलंया."

मामी दारात आली. ते वाटीच्या बुडाकडं बघत होते.

"मिरी न्हाई घातली."

"घशाला लागंल म्हणून नको म्हणाली ती," असं मी बोलून गेलो आणि जीभ चावली.

"लागू दी की," ते म्हणाले. "लेहला गरम पाण्यात मिरी घालून घ्यायचो आमी. मिरीबिगर ती रम न्हवं, सरबत. सांग तिला."

मी म्हटलं, "बोलावू का, दाजी? एका रात्रीत येईल."

गालावरून हात फिरवला, जिथं आता गाल नाही. "नगं. ह्ये तोंड तिनं बघू नगं. मिरीचं तेवढं सांग."

तर सांगतो आहे. मिरी पाहिजे. ती घशाला न लागता कशी घालायची ते तुलाच माहीत. आज सकाळी त्यांनी पुन्हा वाटी मागितली. मी दिली. म्हणाले, "मिरी आली?"

मामा


कर्नाळ, ११ फेब्रुवारी

संयू,

पार्सल मिळालं. बाटली धड आली. मिरी फोडून आत न घालता नुसती वाफेवर धरून तिचा वास काकवीत उतरवायचा, हे मला सात जन्मांत सुचलं नसतं. मामीनं टोपण उघडलं आणि शिंकली. आम्ही दोघं हसलो. या घरात बऱ्याच दिवसांनी.

पण उशीर झाला. पोस्टाचा नाही, दुखण्याचा. शेक संपले तसा ताप आला, छातीत कफ भरला. तोंडानं काही जात नाही. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, "घरी राहू दे त्यांना." तुला फोनवर ताप आहे एवढं म्हणालो, बाकी जमलं नाही. हे इथं लिहितो.

मी बाटलीतलं चमचाभर कोमट पाण्यात घेतलं आणि वाटी त्यांच्या नाकाखाली धरली. म्हटलं, "दाजी, मिरी आली." पुन्हा म्हटलं. तू हे वाचताना काय ऐकायची वाट बघशील ते मला कळतं, पण खोटं लिहून पाप घेणार नाही. डोळे उघडले नाहीत. श्वास चालू होता तसाच चालू राहिला. कळलं असेल, नसेल. वाटी थंड होईपर्यंत धरली.

येणार असशील तर आता कुणाचं ऐकू नकोस. त्यांचंही नाही.

मामा


वडूज, २६ फेब्रुवारी

चि. संयू,

तू राख सावडायला आलीस. रात्रभर गाडी चालवून, सुजलेल्या डोळ्यांनी, बायकांच्यात जाऊन बसलीस. सगळ्यांच्या नजरा तुझ्यावर आणि तुझी नजर जमिनीवर. मी चहा घेऊन आलो तोवर निघालीस. माझं पत्र तुझ्या दारात पडायच्या आधी ते गेले हे मला तुझ्या तोंडावरून कळलं. बोलायचं राहिलं. म्हणून हे.

काल दहावा झाला. नदीवर पिंड ठेवला, त्यांच्या आवडीचं सगळं मांडलं. कावळा लगेच शिवला. लोक म्हणाले, "पुण्यवान गडी, कसली इच्छा राहिली न्हाई." लोकांना मिरीचं ठाऊक नव्हतं.

जेवणं झाल्यावर त्यांचे फौजेतले सोबती ओट्यावर बसले. हरिबाही होता. कुणीतरी पिशवीतून कोट्याची बाटली काढली, सुभेदारांच्या नावानं एकेक घोट घेऊ म्हणून. मी म्हटलं, "थांबा. आधी ही घ्या." तुझी बाटली मी कर्नाळहून फडक्यात गुंडाळून आणली होती. मामीनं गरम पाणी आणलं. स्टीलच्या पेल्यांत मी स्वतः ओतली, तू लिहिलीस त्या मापानं. आधी हुंगा म्हटलं तर हसले, पण हुंगलं.

हरिबा म्हणाला, "कुठल्या कोट्यातली रं ही, बाळासो? लेहची आठवण झाली. चढंना मातूर."

"चढायची न्हाई. दारूच न्हाई तिच्यात."

"मग हाय काय?"

"करपवलेली काकवी. बेदाणं, लवंग, मिरी. संयोगितानं केलीया. सुभेदारांच्या पोरीनं."

हरिबा पेल्यात बघत राहिला. बाकीचे त्याच्याकडं. शेवटी म्हणाला, "ती फोटोतली?"

"व्हय. फोटोतलीच. तुमच्या ग्रुपवर आली हुती ती."

हरिबानं उरलेलं संपवलं, पेला धोतराच्या सोग्यानं पुसला. मला वाटलं उठून जाईल. त्यानं पेला पुन्हा माझ्यापुढं धरला. मान खाली घालूनच. मी ओतलं. कोट्याची बाटली न उघडताच पिशवीत गेली.

हे दाजींनी बघायला पाहिजे होतं. ते होणार नव्हतं. ते असते तर ओट्यावर हे घडलंच नसतं, आणि नाहीत म्हणून घडलं, तर त्याचं काय करायचं? मला कळत नाही. तू माझ्यापेक्षा शहाणी आहेस, तुला कळलं तर सांग.

बाटली संपली आहे. मी परवा कर्नाळला परत जाईन. यंदाची शेवटची काहील शिमग्याच्या आधी चढेल, त्यातली एक कढई तुझ्यासाठी बाजूला काढतो. पण एक अडचण आहे. मामी म्हणते माझा हात आता तिच्यानं धरवणार नाही, एकदा धरला तोच तिला पुरला. आणि मी एकटा उभा राहिलो तर आधीच उतरवणार, मला माझा हात माहीत आहे.

काहिलीजवळ कुणीतरी पाहिजे, संयू. कुठं थांबायचं ते मला येतं. कुठं थांबायचं नाही ते सांगायला ये.

तुझा मामा,
बाळासो